घरातली गार जागा

बारामतीच्या एका आयटीआयमध्ये मी तीसेक वर्षं वायरमनच्या पोरांना शिकवलं. त्यामुळे दोन खोडी अंगात मुरल्या. एक, समोरच्याला काहीच येत नाही असं धरून चालायचं. दुसरी, तीच गोष्ट तीनदा सांगायची, आणि तिसऱ्यांदा आवाज चढवून. माझ्या बायकामुलांनी या खोडींना भीक घालणं केव्हाच सोडलं. शेळगावच्या रानात राहणारे माझे थोरले भाऊ आणि वहिनी मात्र मी बोललेला शब्द अजून खरा मानतात.

दादांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबले, ते थांबलेच. पत्र्याची एक खोली, तिला लागून मातीच्या भिंतींचं आणि वर उसाचं पाचट घातलेलं जुनं छप्पर, भोवती ऊस आणि थोडं डाळिंब. मागल्या उन्हाळ्यात वहिनींना ऊन लागलं. विहिरीवरून येता येता बांधावरच बसल्या आणि दादांना ओळखेनात. इंदापूरच्या दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे यांना ऊन सोसणार नाही, दुपारी गार जागा हवी आणि वारा हवा. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले.

मी वहिनींना बारामतीला घेऊन आलो. आठव्या दिवशी म्हणाल्या, "भावजी, हितं समदं ब्येस हाय, पण हाताला काम न्हाय. मला सोडून या." आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. तिथून पुढं मला वहिनींनीच वाढवलं. त्यांच्याशी हुज्जत घालणं मला कधी जमलं नाही. सोडून आलो आणि महिन्याभरात वस्तीवर सोलर बसवलं. दोन पॅनेल, इन्व्हर्टर, एक मोठी बॅटरी, दोन दिवे आणि एक टेबल फॅन. सगळा खटाटोप त्या फॅनसाठी होता. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवली आणि फॅन छपरात, वहिनींच्या बाजेपाशी. पाचटाखाली भर उन्हाळ्यातही बरा गारवा असतो. वहिनी बाजेवर बसून तांदूळ निवडायच्या, वाऱ्यानं पदर उडायचा आणि त्या हसून म्हणायच्या, "लईच चैन लावली बाई मला."

यंदा होळी झाली आणि फॅन दुपारी तीनलाच मान टाकायला लागला. मी गेलो. बॅटरीला हात लावला तर चटका बसला. पत्र्याच्या खोलीची भट्टी झाली होती. वर दादांनी माठाला गुंडाळतात तसं ओलं बारदान बॅटरीला गुंडाळलं होतं. वायरी जोडतात त्या टोकांवर हिरवट-पांढरा बुरा चढला होता. माझं डोकंच फिरलं.

"दादा, हा काय पाण्याचा माठ आहे?"

"तापली व्हती रं. म्हटलं, जरा गार करावी."

मग मी वर्गच घेतला. बॅटरीला ऊन नको. पाणी नको. कोंदट जागा नको, चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, खेळती हवा लागते. अशीच तापत राहिली तर दोन वर्षांत मरेल. "घरातल्या सगळ्यात गार जागेचा मान तिचा," मी म्हणालो. अगदी हेच शब्द. दोघं भिंतीशी उभी राहून ऐकत होती, माझ्या पोरांनी कधी ऐकलं नाही इतकं मन लावून. मी बुरा खरवडला, त्या टोकांना व्हॅसलीन फासलं, एका पुठ्ठ्यावर नियम लिहून खिळ्याला अडकवले. जागा कुठली ते तुम्हीच बघा, असं सांगून निघालो. मला निमगाव केतकीहून एसटी गाठायची होती.

त्यानंतर रोज सकाळी माझा फोन. बॅटरी कशी आहे? कुठला दिवा लागलाय? तिच्यातलं पाणी बघितलं का? दादा शाळेतल्या पोरासारखी पटापट उत्तरं द्यायचे. "ब्येस हाय. हिरवा लागलाय. हात लावून बघितला, एकदम गार हाय."

"फॅन चालतोय ना?"

"चालतोय की. दिवसभर."

दोन मिनिटांत फोन संपायचा. शिकले म्हणायचं एकदाचे, असं वाटून मी चहाला बसायचो.

एप्रिल सरता सरता एका दुपारी वळीव आला. बारामतीत गारा पडल्या, आमच्या गल्लीतलं एक झाड आडवं झालं. पाऊस थांबताच मी फोन लावला. "बॅटरी भिजली का?"

"येक थेंब न्हाय," दादा धापा टाकत म्हणाले.

"शाब्बास," म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या रविवारी दुपारी वस्तीवर गेलो. छपरात पाऊल टाकलं तर वहिनींच्या जागेवर बॅटरी. चार विटा, त्यांवर फळी, फळीवर बॅटरी, अगदी पुसूनपासून ठेवलेली. वर ताडपत्री ताणून बांधलेली. मागे भिंतीवर माझा पुठ्ठा. आणि समोर टेबल फॅन, बॅटरीकडे तोंड करून भरभर फिरत होता.

"वहिनी कुठायत?"

दादांनी पत्र्याच्या खोलीकडे बोट केलं.

वहिनी तिथं बाजेवर पडल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, ओठ सुकलेले, अंगातून वाफ निघावी तशा तापलेल्या. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि क्षणभर मला ओळखलंच नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली आणि त्या पुटपुटल्या, "भावजी, बॅटरीला जागा ब्येस केलीय न्हवं?"

आयुष्यभर मी फळ्यावर सर्किटं काढली. हेही सर्किट पक्कं जुळलं होतं. बॅटरी फॅन चालवत होती आणि फॅन बॅटरीला गार ठेवत होता. ज्या बाईसाठी हे सगळं केलं, ती तेवढी बाहेर राहिली होती.

मी दादांवर ओरडलो. ओरडता ओरडताच मला कळत होतं, की मी चुकीच्या माणसावर ओरडतोय.

"आरं, तूच म्हणाला व्हतास की," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रारही नव्हती. बॅटरी त्या दोघांनी बारदानावर ठेवून ओढत छपरात नेली होती, आणि जागा पुरेना म्हणून बाज पत्र्याच्या खोलीत हलवली होती. वळवाच्या दिवशी एका बाजूचं पाचट उडालं, तर वहिनी पाऊस थांबेपर्यंत बॅटरीवर ताडपत्री धरून उभ्या होत्या. पार भिजल्या. तेव्हापासून अंगात कणकण, आणि दुपारी हा पत्रा.

"तुमी रोज तिचीच चवकशी करता," वहिनी म्हणाल्या. "आमच्या हातनं गेली आसती, तर तुमाला काय तोंड दावलं आसतं?"

मला फार लाज वाटली.

शेजारच्या वस्तीवरची जीप मागून आणली आणि वहिनींना निमगाव केतकीला डॉक्टरांकडे नेलं. सलाईन लागलं. दोन तासांनी त्या नीट बोलू लागल्या आणि सलाईनच्या बाटलीकडं बघून म्हणाल्या, हे संपंस्तवर म्हशीची धार कोण काढंल? डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आता गार जागेत ठेवा. गार जागा म्हटल्यावर मी खाली बघितलं.

परत आल्यावर आधी बाज छपरात नेली आणि फॅन वहिनींकडे वळवला. रात्री तिथंच मुक्काम केला आणि सकाळी छपराच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून लागून विटांचा खण रचला, कारण तिथं दिवसभर सावली असते. खाली विटांचा ओटा, म्हणजे पाणी शिरणार नाही. बाजूंना हवेसाठी फटी, फटींना उंदरांसाठी जाळी. वर उतरता सिमेंटचा पत्रा आणि त्यावर पाचटाचा जाड थर. दिवस मावळायच्या आत काम झालंसुद्धा. पहिल्याच दिवशी एसटीची घाई केली नसती तर तेव्हाच झालं असतं. वहिनी बाजेवरून दारातून बघत होत्या. "तितं येकटीला बरं वाटंल ना तिला?" म्हणाल्या. निघताना भिंतीवरचा पुठ्ठा मी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं फोन लावला. बॅटरीचं नाव तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. म्हणालो, "दादा, वहिनी कशा आहेत?"

पलीकडून दादांचा आवाज आला, अगदी हळू, वहिनींना ऐकू जाऊ नये असा.

"का रं? डाक्टरनं तुला येकट्याला काय सांगितलं का?"

"नाही दादा. असंच विचारलं."

"आसंच?"

"असंच."

त्यांची खात्री पटावी म्हणून पुढचा आठवडाभर मला रोज तेच विचारावं लागलं.