गुडुगम्माचं हसू

जे. पी. नगरात एका तिमजली घराच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत, वसुमतीचं शिलाई मशीन चालतं. घराणं शिंप्याचं. बंगळूरला येऊन किती पिढ्या झाल्या असं विचारलं तर घरातला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो आणि आपलाच खरा म्हणून हटून बसतो. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि राग आला की जी आधी जिभेवर येईल ती. वसुमतीचा जन्म ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवण्यात गेला. आता साठी जवळ आल्यावर ती काय शिवते हे ऐकून नातेवाईक आधी हसतात आणि मग पुन्हा विचारतात. ती चित्रकथांमधल्या वीरांचे, जादूगारणींचे आणि दुष्टांचे पोशाख शिवते.

हे खूळ घरात आणलं सुनेनं. भार्गवी हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथली निम्मी मंडळी चित्रकथांची वेडी. वर्षातून एकदा शहरात त्यांची जत्रा भरते आणि ही शिकलीसवरली माणसं आपापल्या लाडक्या पात्राचा वेश करून तिथे मिरवतात. त्यातल्या एकाचा अंगरखा कुठल्याशा टेलरनं बिघडवला होता. भार्गवी त्याला घेऊन सासूकडे आली, वसुमतीनं तो उसवून नीट करून दिला, आणि त्यानंतर दारात रांगच लागली.

वसुमतीची एक रीत आहे. गिऱ्हाईक फोनवर चित्र दाखवून घाईघाईनं मापं सांगायला लागतं, तर ही कात्री बाजूला ठेवते आणि म्हणते, "हाच का आवडतो, ते आधी सांग." उत्तर मिळाल्याशिवाय कापडाला हात लावत नाही. मग त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्या पात्रासारखं चालून दाखवायला लावते. भलेभले मॅनेजर तिथे लाजून चूर होतात. पण एकदा बोलायला लागले की आवरत नाहीत.

शिवलीला नावाची एक डॉक्टरीणबाई आली. तिला 'निळाई' व्हायचं होतं. ही निळाई दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेते. "आणि तिला दुखतं हो," शिवलीला म्हणाली. "ती रडते, शिव्या घालते, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी जाते. बाकीच्यांना काही लागतच नाही. मला ही रडणारी बरी वाटते." वसुमतीनं तिच्या झग्याला आतून जुन्या मऊ सुताचं अस्तर लावलं आणि त्याचे पैसे धरले नाहीत. मग एक बँकेतले गृहस्थ आले, पोट सुटलेले, आवाज बारीक. त्यांना 'लोखंड्या' व्हायचं होतं. त्याच्यावर दगड पडोत, गोळ्या सुटोत, तो नुसता उभा राहतो. "मीही काउंटरवर दिवसभर तेच करतो," ते म्हणाले, "पण माझं चित्र कुणी काढत नाही." त्यांच्या खांद्यांना वसुमतीनं दोन बोटं जास्त रुंदी दिली. घरी जाताना ते गृहस्थ फाटकातून अंग तिरपं करून गेले, गरज नसताना.

अशी माणसं बघून बघून वसुमतीचं एक मत झालं होतं. उडता येतं किंवा डोंगर उचलता येतो म्हणून कुणी कुणावर जीव टाकत नाही. ज्याचं आपल्यासारखंच कुठेतरी अडतं आणि तरी जो जातो, तो आवडतो. किंवा मग, जो आपल्याला कधीच करता आलं नाही ते खुशाल करतो, तो.

हा दुसरा भाग तिला स्वतःवरून कळला होता.

त्याचं असं झालं. पुण्याहून नोकरीसाठी आलेला निहार नावाचा एक मुलगा मापाला आला. त्याला 'मिंचू' व्हायचं होतं. मिंचू म्हणजे कन्नडमध्ये वीज. इथल्याच काही तरुण पोरांनी काढलेल्या चित्रकथांचा हा नायक, जगात सगळ्यात वेगवान, पण लाल सिग्नल लागला की थांबतो. कुणी बघत नसलं तरी थांबतो, आणि म्हणून दर वेळी उशिरा पोचतो. "काकू, अ‍ॅक्च्युअली या शहरात सिग्नलला थांबणारा तो एकटाच आहे," निहार म्हणाला. "म्हणून माझा फेवरेट." वसुमतीनं त्याची पुस्तकं मागून घेतली. कामासाठी, असं ती म्हणाली. तिची शाळा कन्नडमधली, त्यामुळे पुस्तकं एका दुपारीतच वाचून झाली. पण मिंचू राहिला बाजूला. तिची नजर खिळली ती त्याच्या वैरिणीवर.

तिचं नाव गुडुगम्मा. गुडुगु म्हणजे गडगडाट. ढगाच्या रंगाचा घेरदार घागरा, रुपेरी काठ, मोकळे पांढरे केस, कमरेवर हात. वय विचाराल तर वसुमतीच्याच आगेमागे. ती येते तीच हसत. तिच्या हसण्यानं खिडक्यांच्या काचा फुटतात, बसगाड्यांचे भोंगे आपोआप वाजतात, मंत्र्यांचे टोप उडतात. ती खुर्चीत पाय पसरून बसते. ती कुणालाही, जेवलात का, म्हणून विचारत नाही. वसुमतीनं ते पान मशीनच्या फळीवर उघडं ठेवलं आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिली.

कारण वसुमतीला हसता येत नव्हतं. म्हणजे, तोंडाला पदर लावून खांदे हलवता येत होते. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती कशावर तरी खळखळून हसली होती. तेव्हा नणंदेनं, म्हणजे सकवारबाई अक्कांनी, स्वयंपाकघराच्या दारातून एवढंच म्हटलं होतं, "आमच्याकडे बायका असं हसत नाहीत." अक्का विधवा होऊन माहेरी परतलेल्या, वसुमतीच्या नवऱ्यापेक्षा मोठ्या, घरात त्यांचा शब्द शेवटचा. वसुमतीनं ते हसू गिळलं ते गिळलंच. अक्का वाईट नव्हत्या. वसुमतीच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच रात्री जागवल्या होत्या. पण हसण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. आता ऐंशीच्या घरातल्या अक्का शिवणाच्या खोलीतच कोपऱ्यातल्या खुर्चीवर माळ ओढत बसतात, आणि त्यांच्या देखत वसुमती आजही गिऱ्हाइकाच्या विनोदावर पदराआड हसते.

निहारचा कोट तयार झाला तेव्हा अक्का देवळात गेल्या होत्या. आरशासमोर उभा राहून तो म्हणाला, "काकू, जत्रेतल्या कॉम्पिटिशनमध्ये स्टेजवर समोर गुडुगम्मा नसेल तर मिंचूला काय अर्थ आहे? तुम्हीच या ना." वसुमतीनं त्याला उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी फोन करून, येते म्हणाली. तिसऱ्या दिवशी चिकपेटेत जाऊन तिनं ढगाच्या रंगाचं कापड आणि रुपेरी जर आणली आणि घरात थाप मारली की हेब्बाळच्या एका गिऱ्हाइकाचं काम आहे. थाप खपून गेली असं तिला वाटलं.

घागरा झाला. राहिलं हसू. सराव करायचा कुठे? तिनं न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न केला. तोंड उघडलं, कमरेवर हात ठेवले, आणि बाहेर आली ती एक उचकी. भार्गवीनं बाहेरून विचारलं, "अत्ते, पाणी आणू का?" वसुमतीनं नळ बंद केला. तिला मनापासून वाईट वाटलं. वेश काय, कुणीही शिवेल. हसली नाही तर ती गुडुगम्मा कसली? आणि या वयात एकदाही मोकळं हसता आलं नाही तर मग कधी येणार होतं?

जत्रेच्या दिवशी वसुमतीचं एक टेबल असतं. कुणाची बाही उसवते, कुणाचं शेपूट गळतं, ते ती तिथल्या तिथे टाके घालून देते. सकाळी ती आणि भार्गवी पिशव्या घेऊन निघाल्या, तर अक्का पायांत चपला घालून दारात उभ्या. "मी एकटी घरात काय करू? मीही येते." नाही म्हणायची सोय नव्हती. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून व्हाइटफील्डपर्यंत तिघी गेल्या. घागऱ्याची पिशवी वसुमतीनं मांडीवर घट्ट धरून ठेवली होती, आणि घरी परतेपर्यंत ती उघडायची नाही असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

अक्कांना टेबलाशेजारी खुर्ची दिली. त्या माळ काढून बसल्या खऱ्या, पण माळ काही पुढे सरकेना. समोरून निळे, हिरवे, शिंगांचे, पंखांचे लोक चालले होते. एक चार हातांची मुलगी वाकून नमस्कार करून गेली. लोखंड्या झालेले बँकेतले गृहस्थ आले, त्यांचा बंद तुटला होता. अक्कांनी त्यांना आपली खुर्ची देऊ केली, तर ते म्हणाले, "नको अम्मा, मी उभाच राहतो." अक्कांनी मान डोलावली. "सरी, बरोबर आहे. तुमचं कामच ते."

दुपारी निहार धावत आला. चकचकीत पिवळा कोट, गळ्यात शिट्टी. "काकू, पुढचा नंबर आपला. चला."

वसुमतीनं डोळ्यांनी अक्कांकडे खूण केली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला नाही जमायचं रे. तू एकटा जा." निहारचा चेहरा पडला. तो नुसता मान हलवून वळला. त्याची ती पाठ बघून वसुमतीला रडू यायला लागलं. उगीच ती टेबलावरच्या टाचण्या गोळा करू लागली.

"वसू," अक्का म्हणाल्या, "त्या पिशवीत काय आहे?"

"हेब्बाळच्या गिऱ्हाइकाचं, अक्का."

"ती हेब्बाळची एकदा तरी मापाला आली काय गं? भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली? हेच का आवडतं म्हणून तू तिला विचारलंस?" अक्कांनी माळ पिशवीत ठेवली. "मला स्वल्प कमी दिसतं, पण मीही शिंप्याचीच पोर आहे. तो घागरा कुणाच्या कमरेचा आहे ते अंधारात हात लावून सांगेन. जा, घाल. ते पोर एकटं काय करेल तिथे?"

वसुमती जागची हलेना. शेवटी भार्गवीनंच तिला दंडाला धरून पडद्यामागे नेलं, घागरा चढवला, केस मोकळे सोडले, वर पावडर फासली आणि आपल्या सासूला व्यासपीठाच्या पायऱ्यांवर लोटून दिलं.

निहार धावत आला. कुणीतरी लाल दिव्याची पाटी वर केली, तो थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वसुमती आली. पाय फाकवून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं.

आवाज नाही.

सभागृह वाट बघत राहिलं. निहार एका पायावर तसाच ताटकळला होता. वसुमतीचं तोंड उघडंच. तिची नजर समोर गेली, तर भार्गवीनं अक्कांना हात धरून पहिल्या रांगेत आणून बसवलेलं. अक्का तिच्याकडेच बघत होत्या. एवढी वर्षं पायाचा अंगठाही दिसणार नाही अशी वावरणारी भावजय समोर झिंज्या सोडून, पिठाच्या डब्यात पडल्यासारखी, आ वासून उभी होती. अक्कांनी पदर तोंडाकडे नेला. तो तिथपर्यंत पोचलाच नाही. अक्का हसल्या.

त्या घरात कुणीही कधी ऐकलं नव्हतं असं ते हसणं होतं. जाडंभरडं, मोठ्ठं, जिन्यावरून पितळी हंडा गडगडत यावा तसं. शेजारचे दोघे दचकून वळले. अक्का मांडीवर थापा मारत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि थांबायचं म्हटलं तरी त्यांना थांबता येत नव्हतं. त्यांच्याही पोटात ते कधीपासून दाबलेलं होतं, कुणी कुठल्या दारातून त्यांना काय म्हटलं होतं, देव जाणे.

ते बघून वसुमतीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग घशातून, मग थेट पोटातून. सगळं सभागृह दणाणलं. निहार शब्द विसरला आणि खाली बसून तोही हसायला लागला. लाल दिव्याची पाटी धरणाऱ्याच्या हातातून पाटी पडली. मिंचूच्या नाटकाचं पुढे काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, आणि ते कुणाला मिळालं हे या तिघींपैकी एकीनंही विचारलं नाही.

परतीच्या मेट्रोत वसुमती घागऱ्यातच होती. बदलायचं राहूनच गेलं होतं. एक कॉलेजची मुलगी येऊन, आंटी, फोटो, म्हणाली, तर हिनं कमरेवर हात ठेवून पुन्हा एकदा हसून दाखवलं, आणि डब्यातल्या फोनवाल्यांनी माना वर केल्या. अक्का शेजारी ताठ बसल्या होत्या.

"काय गं वसू," त्या म्हणाल्या, "त्या पुस्तकात तिला नणंद आहे काय?"

"नाही, अक्का."

"मग त्या पोरांना सांग, एक काढा म्हणावं. आणि घरी गेल्यावर माझं माप घेऊन ठेव."