रिन्स्केमावशीचा प्रामाणिक फोन

"बघा, नखाने निघतं!" रिन्स्केमावशी ओरडली आणि फोनचं मागचं झाकण उडून कॉफीच्या पाकिटांवर पडलं.

काउंटरसमोर गिऱ्हाइकं खोळंबलेली. मावशीला त्याचं काही नव्हतं. अंगठ्याच्या नखाने तिने बॅटरी उचकटली, सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवली आणि परत बसवली.

"स्क्रू नाही, गोंद नाही. बिघडला तर मीच उघडणार. तुमचे फोन उघडून दाखवा बरं!"

"मावशी, मला फक्त चॉकलेट हवंय," पोस्टमन यान्नेस म्हणाला.

"आधी ऐक, मग चॉकलेट."

हार्लिंगनमध्ये, आमच्या डच बंदराच्या गावात, तिला सगळे मावशीच म्हणायचे. दुकान असं होतं की ज्या मालाच्या पिकवणाऱ्याला, बनवणाऱ्याला पोटभर पैसे मिळालेत तेवढाच आत यायचा. कॉफी, चहा, चॉकलेट, टोपल्या. ती स्वतः एक पैसा पगार घ्यायची नाही.

मी शाळा सोडली तेव्हा घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मावशीने मला दुकानात बोलावलं. "पोरी, हिशोब जमतो?"

"नाही."

"मशीन आहे. खोटं बोलतेस?"

"कधीकधी."

"हे खरं बोललीस. उद्यापासून ये."

झालं. तेव्हापासून मावशीला कोणी वाकडं बोललं की मी त्याच्या अंगावर जाते.

आमच्या डच भाषेत कोणाचं शोषण न करता बनवलेल्या मालाला आणि खरं बोलणाऱ्या माणसाला एकच शब्द आहे. प्रामाणिक कॉफी, प्रामाणिक बाई. मावशीकडे दोन्ही मिळायचं. भर लग्नात तिने नवरीला सांगितलं होतं, "रंग शोभत नाही तुला, पण नवरा बरा आहे." नवरीची आई अजून तिच्याशी बोलत नाही.

हा फोन येईपर्यंत स्मार्टफोन तिने कधी घेतलाच नव्हता. खाणीत पोरं राबतात आणि त्या धातूचा डबा मी कानाला लावू? बँकवाले म्हणाले, आता सगळं फोनवर. तर ही बँकेत जाऊन खुर्ची टाकून बसली, काम होईपर्यंत.

तिचा मुलगा डाउवे लांब झ्वोले शहरात असतो. दोन वर्षं त्याचं एकच टुमणं. आई, माझ्या घराजवळ फ्लॅट बघितलाय, ये राहायला. आणि मावशीचं एकच उत्तर, "उचलून न्यावं लागेल." तिचं घर, तिचं दुकान आणि रोज सकाळी समुद्राच्या बांधावरून एकटीने सायकल. ही बाई तेवढ्यावर जगत होती. ते कोणी काढून घेईल, एवढ्या एकाच गोष्टीला ती घाबरायची.

मार्चमध्ये तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे गोल करून बसलेले, एकमेकांचं अभिनंदन करत, मांडीवर केकच्या बश्या. डाउवेने खोका पुढे केला.

"आई, आता नाही म्हणू नकोस. हा प्रामाणिक फोन आहे. खाणीतल्या माणसांना नीट पैसे, कारखान्यात जोडणाऱ्या बायकांना वर बोनस. मी सगळं वाचलंय."

मावशीनेही वाचलं. खोक्यावरचं, खोक्याच्या आतलं, सगळं. केक तसाच राहिला. मग डोळे पुसून ती म्हणाली, "तू माझं ऐकत होतास म्हणजे इतकी वर्षं!"

डाउवेने फोन तिथेच चालू करून दिला.

पहिले काही दिवस नुसती मजा. "लोण्याच्या पाकिटाएवढा जड आहे," ती म्हणायची, "पण जड म्हणजे मनाला हलका." एका बोटाने टाइप करायची, आणि ते बोटही आधी ॲप्रनला पुसून. बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांचे फोटो मला पाठवायची, अर्ध्या फोटोत तिचा अंगठा. नकाशावर चिडायची. "हा मला माझ्याच गल्लीत डावीकडे वळायला सांगतो! तू कधी आलास रे हार्लिंगनला?" बॅटरी लवकर उतरते म्हणून तक्रार होती, तीसुद्धा लाडाने. जणू नातू फार खातो.

मग एका मंगळवारी डाउवेचा फोन आला. मावशीने स्पीकर लावलेला, कारण कानाला लावायचा असतो हे ती विसरायची.

"आई, सकाळी बांधावर एवढा वेळ काय करत होतीस? वारा किती होता!"

"तुला कोणी सांगितलं?"

"असंच... वाटलं."

फोन ठेवून मावशी माझ्याकडे वळली. मी चहाचे डबे लावत होते.

"तू सांगितलंस."

"मी? मी कशाला सांगू?"

"बांधावर मी जाते हे तुला माहीत. गेले हे तुलाच माहीत. किती दिवस चाललंय हे?"

"मावशी, शप्पथ..."

"शपथा खोटी माणसं घेतात."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. दुसरं कोणी असतं तर डबा फेकून मी निघून गेले असते. पण मावशी होती. म्हणून नुसता हात पुढे केला. "दे इकडे तो फोन. बॅटरी कोण खातंय बघते."

बघायला वेळ लागला नाही. फोन दिवसरात्र सांगत होता, मावशी कुठे आहे ते. एकाच माणसाला. मी फोनचा पडदा तिच्यासमोर धरला. मुलाचं नाव, वाढदिवसाला काढलेला त्याचा हसरा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'तुमचं ठिकाण पाहू शकतात'.

मावशीने चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला. मला वाटलं ती शिव्या देईल. ती म्हणाली, "पोरी, तुझी माफी मागते." आणि तडक मागच्या खोलीत गेली. दुकान मीच बंद केलं.

रविवारी डाउवे तिच्या घरी आला. मावशीने मला मुद्दाम बसवून घेतलं. कॉफी ओतली, पण बिस्किटांचा डबा फडताळातून खाली काढलाच नाही. मग काहीतरी बिनसलंय हे डाउवेलाही कळलं.

"आई, काय झालं?"

"तू सांग. तुला तर घरबसल्या सगळं दिसतं."

डाउवेचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे बघितलं. "हिने शोधलं ना?"

"हो, मी," म्हटलं. "लाज वाटते का? आईवर पाळत ठेवतोस?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"ती बोलणार," मावशी म्हणाली. "ती माझ्या तोंडावर बोलते. तू प्रामाणिक फोन म्हणालास, डाउवे. सगळ्यांसमोर म्हणालास."

"फोन प्रामाणिकच आहे."

"आणि तू?"

खिशातून त्याने स्वतःचा फोन काढला आणि टेबलावर सरकवला. नकाशावर बांधाची रेघ आणि त्यावर मावशीचे ठिपके. मेंढ्यांच्या एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत, परत मागे, परत पुढे, परत मागे.

"मंगळवारचं आहे हे. आई, तुला घरची वाट सापडत नव्हती."

"कोकरं बघत होते मी."

"एवढा वेळ?"

"कोकरं घड्याळ बघून बागडतात का रे?" मी म्हणाले. मावशी म्हणतेय कोकरं, म्हणजे कोकरं. संपला विषय.

"डॉक्टरांना दाखवावं लागेल हे," डाउवे हळू आवाजात म्हणाला.

मावशी ताठ झाली. "हं. म्हणजे मी तुझ्या फ्लॅटमध्ये. त्यासाठी आणलास हा. खाणीतल्या पोरांचं नाव पुढे केलंस, कारण तेवढ्याच एका दारातून तू माझ्या घरात शिरू शकत होतास. माझी जी चांगली बाजू, तिथेच सुरी घातलीस."

डाउवेने तोंड उघडलं आणि मिटलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला ते नाटक वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मावशीने आपला फोन पालथा केला. नखाने झाकण काढलं, बॅटरी काढली आणि त्याच्या कॉफीच्या बशीत ठेवली.

"ही तुझी. घेऊन जा."

तो ती मुठीत धरूनच गाडीत बसला. सोमवारी मावशीने तो रिकामा फोन दुकानाच्या काचेत मांडला, कॉफी आणि चॉकलेटच्या मध्ये, आणि पुठ्ठ्यावर आपल्या हाताने लिहिलं, 'प्रामाणिक. बॅटरी नाही.' यान्नेस पोटभर हसला. मावशी हसली नाही. तिने डाउवेचं नाव घेणंच सोडलं. त्याचा फोन घरच्या जुन्या यंत्रावर यायचा, ती उचलून ऐकायची आणि एक शब्द न बोलता ठेवायची. बांधावर मी तिच्याबरोबर जायला लागले, माझी सायकल तिच्या मागे. ती म्हणायची, "तू पाळत ठेवतेस का?" मी म्हणायचे, "तुझ्या तोंडावर ठेवते." तेवढ्यापुरती ती हसायची.

हिवाळ्यात एकदा तिने मला विचारलं, हे दुकान कोणाचं. मी हसले. ती खरंच विचारत होती.

आता ती झ्वोलेला असते. डाउवे येऊन घेऊन गेला, उचलावं लागलं नाही. सामान बांधायला त्याची बायको इल्स्ये आली होती. काचेतला फोन उचलताना मी डाउवेबद्दल काहीतरी घाण बोलले, तेव्हा तिने मला खाली बसवून सगळं सांगितलं.

वाढदिवसाच्या आधी, जानेवारीत, मावशी धुक्यात बांधावर वाट चुकली होती. एका मेंढपाळाने तिच्या पाकिटातला नंबर बघून डाउवेला कळवलं. तो तिला घ्यायला आला. गाडीत बसल्यावर मावशीनेच त्याचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्यावर नजर ठेव. कशी ठेवतोस ते मला सांगू नकोस, नाहीतर मी फेकून देईन." वाढदिवस येईपर्यंत ती हे पार विसरून गेली होती, आणि त्या रविवारी डाउवेने ते तिला कळू दिलं नाही.