ढिगाशी उभा राहणारा थ्रासोस

ग्रीसमधल्या पिरेअस बंदराच्या धक्क्यावर थ्रासोस कार्वेलासइतक्या अलगद कलिंगड झेलणारा दुसरा माणूस नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. कलिंगडांची नाव लागली की नावेपासून ढिगापर्यंत आठ माणसांची रांग लागे. थ्रासोस तिसरा. समोरून आलेलं कलिंगड पोटाशी घ्यायचं, कमरेत वळायचं आणि मागच्याकडे भिरकावायचं. फळ हातात श्वासभरही थांबता कामा नये. दहा वर्षांत त्याच्या हातून एकही फुटलं नव्हतं.

एकोणीसशे पंचवीस सालच्या उन्हाळ्यात बंदरातल्या तरुणांनी फुटबॉलचा संघ काढला आणि कप्तान मेनेलाओस सरळ धक्क्यावर येऊन उभा राहिला. तेव्हा आमच्याकडचे गोलकीपर चेंडू बुक्कीनं हाणायचे, झेलायची कोणाची छाती नव्हती.

"थ्रासोस, चेंडू झेलशील?"

"फुटला तर रस सांडतो का?"

"नाही."

"मग काय पोरखेळ! येतो."

पहिल्याच सामन्यात चेंडू सणसणत आला आणि थ्रासोसनं तो असा पोटात घेतला की बघ्यांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या थांबायच्या आत गडी कमरेत वळला आणि त्यानं चेंडू मागे भिरकावला. मागे माणूस नव्हता, गोल होता.

लोक हसून हसून कुंपणावरून पडायचे बाकी राहिले. "अरे कलिंगडवाल्या, तुझा चौथा कुठे गेला रे?" आणि उत्तरार्धात या बहाद्दरानं पुन्हा तेच केलं.

"दोन गोल झाले, दोन्ही तुझे," मेनेलाओस म्हणाला. "सप्टेंबरात बंदराचा चषक आहे. तोवर ही खोड गेली नाही तर गोलमध्ये माझा मेव्हणा उभा राहील."

"तुझा मेव्हणा? त्याला बायकोनं फेकलेली चप्पल चुकवता येत नाही आणि झेलताही येत नाही!"

"नसेल. पण तो आपल्याच गोलमध्ये चेंडू टाकत नाही."

हे मात्र थ्रासोसच्या जिव्हारी लागलं. त्याला ती जागा हवी होती. एकदा टाळ्या ऐकलेल्या माणसाला ती हवीच असते.

तो बार्बा, म्हणजे काका, फोतीसकडे गेला. फोतीस म्हातारा रांगेतला आठवा, शेवटचा. पाठ गेलेल्यांना ती जागा देत.

"बार्बा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी काय मरू?"

"मरतोस कशाला? जागा बदल. माझ्या मागे कोण असतं?"

"कोणी नाही. तू शेवटचा."

"म्हणून मी फेकत नाही. गुडघ्यावर बसतो, फळ जमिनीवर ठेवतो. आणि गोलमध्ये तुझ्या मागे कोण असतं, गाढवा?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा सावलीत जैतुनं खात बसला आणि थ्रासोस ढिगाशी उभा राहिला. झेलायचं, बसायचं, ठेवायचं. तरणेबांड सोबती जाता-येता टोमणे मारत, "आजोबा, काठी आणू का?" तो म्हणे, "काठी नको, सप्टेंबर येऊ द्या!" पहिल्या आठवड्यात त्यानं सात कलिंगडं मागच्या भिंतीवर फेकून फोडली. ऑगस्टात एकही नाही.

चषकाचा शेवटचा सामना चामडं कमावणाऱ्यांच्या संघाशी पडला. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि मिनिटं उरली होती दोन. त्यांची माणसं मुद्दाम आमच्या गोलमागे येऊन दाटली. थ्रासोसची कथा बंदरात कोणाला ठाऊक नव्हती?

चेंडू आला. थ्रासोसनं उडी मारून पोटाशी घेतला, आणि त्याच क्षणी मागून शंभर गळे रांगेतली हाक ओरडले, "दे इकडे!"

थ्रासोसची कंबर वळली. मेनेलाओसनं डोळे मिटून घेतले. पण कंबर अर्ध्यावर असतानाच गुडघे वाकले. थ्रासोसनं चेंडू हलकेच जमिनीवर ठेवला आणि त्यावर छाती टेकून पडून राहिला. दोघांनी बरगड्यांत लाथा घातल्या, तरी हलला नाही. शिट्टी झाली तेव्हा त्याला चेंडूसकट उचलावं लागलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मुकादमानं त्याला मिठीच मारली. "ये रे वाघा, तुझी तिसरी जागा तुला परत!"

पहिलं कलिंगड आलं. थ्रासोसनं ते झेललं, गुडघ्यावर बसला आणि जमिनीवर ठेवलं. चौथा माणूस रिकामे हात पसरून बघत राहिला. तेवढ्यात दुसरं कलिंगड आलं आणि थ्रासोसच्या डोक्यावर फुटलं.

"गेला!" बार्बा फोतीस हसता हसता ओरडला. "आपल्या कामातून गेला हा!"

थ्रासोसनं तोंडावरचा रस पुसला, एक बी थुंकली आणि कोणी न सांगता रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पुढे अकरा वर्षं तो बंदराच्या संघाचा गोलकीपर होता, आणि दर उन्हाळ्यात रांगेतला आठवा.