सरांनी खोडलेलं वाक्य

सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीत, परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहीत होते. मेल पुरा केला, पाठवला, मग चहा घेतला. रडू आलं नाही, हे आधीच सांगते. ‘तुझं इंग्रजी सरांनीच घडवलं, तूच लिही’ असा जुन्या विद्यार्थ्यांचा महिनाभर तगादा आहे, म्हणून लिहितेय.

घडवलं, हे खरंच आहे. कसबा बावड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत सर शिकवणी घ्यायचे. रोज फळ्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वाक्यात उपयोग. गाइडातलं वाक्य आणलं की वही अंगावर यायची. वाक्य तुमच्या घरातलं हवं, डोळ्यांनी पाहिलेलं हवं, हा त्यांचा नियम. गळकं छप्पर, आजारी म्हैस, भावाचं नापास होणं... सगळं आम्ही इंग्रजीत लिहिलं. आवडलेलं वाक्य सर मोठ्यांदा वाचायचे आणि आपल्या जाड वहीत उतरवून घ्यायचे. त्या वहीत जाण्यासाठी आम्ही जीव टाकायचो.

दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी बाबा मला न्यायला आले. सेंट्रिंगच्या कामावरून थेट आलेले, तहानलेले. त्यांनी पाणी मागितलं. सरांची थोरली बहीण तांब्या घेऊन आली, तिने आडनाव विचारलं, ऐकलं, आणि तांब्या तसाच हातात धरून अंगणातल्या नळाकडे बोट दाखवलं. सर दारातच उभे होते. आमची नजरानजर झाली... आणि ते वही चाळायला लागले. वाटेत मी रडले तर बाबा म्हणाले, “इंग्रजी शिकाय जातीस न्हवं? पाणी प्यायला न्हाय.”

त्या दिवशी फळ्यावर होतं ‘टर्न अ ब्लाइंड आय’. म्हणजे दिसत असून काणाडोळा करणं. मला वाक्य शोधावं लागलं नाही. माझ्या वडिलांना नळ दाखवला तेव्हा सरांनी काणाडोळा केला, असं मी सरळ, बिनचूक इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी ते मनातच वाचलं. लाल पेनाने ‘सर’ खोडलं, वर ‘काही लोक’ लिहिलं आणि बरोबरची खूण केली. “असं जास्त चांगलं वाटतं,” एवढंच म्हणाले. मला शिकवणी सोडायची होती. बाबांनी सोडू दिली नाही, आणि त्याचाही राग अजून गेलेला नाही.

शोकसभेत त्या जाड वहीची छापील पुस्तिका वाटली. चाळता चाळता माझं वाक्य सापडलं. एका तहानलेल्या मजुराला नळ दाखवला, तेव्हा काही लोकांनी काणाडोळा केला. सरांनी वहीत उतरवताना माझ्या बाबांनाही खोडलं होतं. एका वक्त्याने नेमकं तेच वाक्य वाचलं आणि सरांना गोरगरिबांचा केवढा कळवळा होता, हे सांगितलं. लोक माना डोलावत होते. मीही गप्प बसले, आणि त्याची मला लाज वाटते.

पुस्तिका आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर असते. मेल लिहिताना अडले की उघडते, कारण वाक्यं चांगली आहेत. त्या एका पानावर मी लाल पेन चालवलं. ‘मजूर’ खोडून ‘माझे वडील’ लिहिलं, ‘काही लोक’ खोडून ‘सर’. आणि शेजारी बरोबरची खूण केली.