राजाची हनुवटी

चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत आमची बदली झाली आणि वर्षभरात ह्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लकव्याने उतरली. औषधांनी बरंच सुधारलं, पण ओठाचा कोपरा खाली ओढलेला राहिला तो राहिलाच. तेव्हापासून ह्यांनी फोटो म्हणून काढू दिला नाही. युनिटच्या ग्रुप फोटोत सगळे समोर बघतायत आणि आमचे साहेब भलतीकडेच. मला भारी राग यायचा, आणि वाईटही वाटायचं.

त्याच सुमारास मी चंदीगडला एका म्हाताऱ्या उस्तादांकडे लघुचित्रं शिकायला जायचे. जुन्या राजांची चित्रं बघता बघता डोक्यात आलं, अरे, ही तर बाजूने काढतात, एकच गाल, एकच डोळा. ह्यांची उजवी बाजू काढली की झालं. निवृत्तीआधी ह्यांचं एक धड चित्र तरी घरात राहील.

आधी सराव म्हणून संग्रहालयातल्या एका पहाडी राजाची नक्कल करायला घेतली. काय हात असेल त्या चित्रकाराचा. साधा पांढरा झगा, हुक्क्याची नळी, आणि दाढीचा केस न् केस वेगळा. उस्तादांनी माझा कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, "मैडमजी, राजासाहब को दुबला किसने किया?" खरंच की. मूळ चित्रात पोट सुटलेलं, नाकाला बाक, हनुवटीखाली मांस लोंबतंय, आणि मी शहाणीने सगळं परस्पर नीटनेटकं करून टाकलं होतं. मुकाट्याने नवा कागद घेतला.

घरी सांगितलं तर हे खो खो हसले आणि रविवारी स्वतःच संग्रहालयात राजा बघायला आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले.

"पदरी ठेवलेला चित्रकार ना हा? मग अशी हनुवटी काढायची छाती कशी झाली त्याची?"

"राजानेच काढू दिली असणार," मी म्हणाले. "अहो, म्हणून तर तो जिवंत वाटतो. शेजारचे बाकीचे राजे म्हणजे नुसते दागिने."

घरी आल्यावर मी खिडकीशी खुर्ची मांडली, ह्यांचा उजवा गाल माझ्याकडे येईल अशी. ह्यांनी ती उचलून उलटी फिरवली आणि डावा गाल माझ्याकडे करून बसले.

"काढ. जे आहे ते काढ."

मी बघायला लागले. इतके महिने मीही त्या गालाकडे कधी धड पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. माझी मलाच लाज वाटली. डोळे पुसले आणि ओठाच्या त्या कोपऱ्यापासूनच सुरुवात केली.