जाळी उजेडाकडे धरून

आमचं चाळण्याचं यंत्र सुरू झालं की आधी मांडणीवरचे डबे थरथरायला लागतात आणि मग माझं डोकं उठतं. शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. पण ते यंत्र माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बनवलंय, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा आहे. दुसऱ्या कोणी ठेवली तर मी भांडायला उठते.

सुकापूरला एका घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. पुढची खोली माझ्या धंद्याची, मागच्या आमच्या. धंदा म्हणजे नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सुकवायची, मंद भाजायची, गिरणीतून दळून आणायची आणि मग वस्त्रगाळ करायची. उलव्याच्या, रोडपालीच्या नव्या इमारतींतल्या मुली तान्ह्या बाळांसाठी ते नेतात. त्यांच्या आया गावाला, सासवा गावाला, आणि त्या स्वतः ऑफिसातून परत येईपर्यंत दिवेलागण झालेली असते. मोड आणत बसायला त्यांना वेळ कुठला? बाळाच्या तोंडात जाणारा पहिला घास बऱ्याचदा माझ्या हातचा असतो याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

सगळ्यात जिवावर येणारं काम वस्त्रगाळ करण्याचं. पातेल्याच्या तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधायचं, वर पीठ घालायचं आणि तळव्याने गोल गोल फिरवत राहायचं. वर्षानुवर्षं तेच करून माझा उजवा खांदा जखडला. वेणी घालायला हात मागे जाईना. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद करा. मी म्हटलं, बरं, आणि घरी येऊन पुन्हा फडकं बांधलं.

नवरा तेव्हा घरीच बसलेला होता. तळोज्याच्या एका औषधांच्या कारखान्यात, पावडर चाळण्याच्या विभागात त्यांची नोकरी गेली. 'गेली' दोन्ही अर्थांनी म्हणा. उभी हयात तिथे गेली आणि शेवटी नोकरीही गेली. झालं असं की एकदा काम संपल्यावर त्यांनी यंत्रातली जाळी धुतली, उजेडाकडे धरली, तर कडेची एक तार तुटलेली. तुकडा कुठेच सापडेना. म्हणजे तो औषधात. केसासारखी बारीक तार, पुन्हा चाळलं तरी उभी होऊन भोकातून निघून जाणारी. साहेब म्हणाले, आधीच तुटली असेल, सोडून द्या, कोणाला कळणार आहे? यांनी सोडलं नाही. वर जाऊन सांगितलं. तयार झालेला सगळा माल नष्ट करावा लागला. यांना कोणी रागावलं नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. पुढे काही महिन्यांनी माणसं कमी करायची ठरली तेव्हा पहिलं नाव यांचं निघालं. योगायोग असेल. मला नाही वाटत, आणि हे मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलंय.

ते स्वतः मात्र त्यावर चकार शब्द काढत नसत. खुर्चीत बसायचे आणि समोरच्या रस्त्यावरून मातीचे डंपर जाताना बघायचे. जेवायला हाक मारली की यायचे, वाढलेलं खायचे. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. या माणसाचं काय करावं, मला कळत नव्हतं.

एका दुपारी मी डाव्या हाताने फडक्यावर पीठ चाळत होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "असं कुठवर करणार आहेस? यंत्र घेऊ."

आधी विकत घ्यायचंच ठरलं. पण तयार यंत्रं कारखान्यांच्या मापाची, त्यांतलं लहानात लहानही आमच्या दारातून आत आलं नसतं. मग ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात चकरा मारायला लागले. कुठून अँगल आणले, कुठून जुनी मोटर, भंगारातल्या स्कूटरच्या स्प्रिंगा. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला मुद्दाम जड वजन बसवलं, म्हणजे ती फिरली की वरची जाळी गदागदा हलते. पहिल्या दिवशी वजन जास्त झालं. बटण दाबताच पीठ छताला लागलं आणि आम्ही दोघंही नाचणीच्या रंगाचे झालो. मी हसून हसून खाली बसले. तेही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

यंत्राबरोबर कारखान्याची एक रीतही घरात आली. यंत्रावर पत्र्याची पाटी लटकवलेली, एका बाजूला हिरव्या अक्षरांत 'स्वच्छ', दुसऱ्या बाजूला लाल अक्षरांत 'थांबा'. प्रत्येक वेळी चाळून झालं की ते जाळी धुणार आणि माझ्या हातात देणार. मी ती खिडकीकडे धरून बघायची, तार कुठे तुटलेली नाही ना, आणि पाटी हिरवी करायची. ती मी फिरवल्याशिवाय चाळलेलं पीठ पिशव्यांत भरायचं नाही. धुणाऱ्याने पाटी फिरवायची नाही, बघणाऱ्याने फिरवायची, हा त्यांचा नियम. मी कुकर सोडून यायचे, जाळी वर धरायचे, "हो साहेब, सगळं ठीक आहे," म्हणायचे. खरं तर नीट बघायचेही नाही. त्यांनी आधीच चारदा बघितलेली असायची, मी आणखी काय बघणार? पण पाटी मी फिरवली की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा, म्हणून मी यायचे.

वरच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण मावशी राहतात. इथल्याच, शेती आणि मिठागरं होती तेव्हापासूनच्या. तोंडाने फटकळ, मनाने मोकळ्या. त्यांच्या नातवाचं उष्टावण ठरलं. मामाच्या मांडीवर बसून पोरगं पहिल्यांदा अन्न खाणार, आणि ते अन्न म्हणजे नाचणीची खीर. मावशी खाली येऊन मला म्हणाल्या, "खिरीला तुजीच नाचणी पायजे हां. दुकानातली नाय आणायची. तुजा मानूस जाळी कशी बघतो ते बघलंय मी. डॉक्टर एक्स-रे बघतो तसा."

उष्टावणाच्या आदल्या दिवशी मी भाजी आणायला नवीन पनवेलला गेले होते. परत आले तोवर यंत्र बंद झालं होतं. जाळी धुऊन जागेवर बसवलेली. चाळलेल्या पिठाच्या पिपाचं झाकण लावलेलं, बाजूला मावशींची पिशवी भरून ठेवलेली. आणि पाटी हिरवी.

मी पिशव्या खाली ठेवल्या. "अहो, पाटी कोणी फिरवली?"

ते खुर्चीत होते. "मी."

"तुम्ही?"

"तू नव्हतीस."

मी यंत्र उघडून जाळी काढली आणि खिडकीकडे धरली. बाहेर रणरणतं ऊन होतं. कडेपाशी, जाळीच्या रबरी पट्टीला लागून, नखाएवढी फट सरळ दिसली. कोणालाही दिसली असती. ज्या माणसाने आयुष्यभर हेच बघितलं त्याला तर डोळे मिटूनही दिसली असती.

"ही तार?"

"बघितली."

"तुकडा?"

त्यांनी पिपाकडे हात केला. मला वाटलं, आता पुढे काहीतरी बोलतील. पाटी चुकून फिरवली म्हणतील, उठून पीप बाजूला ठेवतील. ते म्हणाले, "एवढीशी तार. कोणाला कळणार आहे?"

हे शब्द कुणाचे होते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी भयंकर चिडले. म्हटलं, "वरचं पोर खाणार आहे ते उद्या! दात नाहीत त्याला अजून!"

"आणि सांगून काय होतं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मागे सांगितलं होतं ना."

माझा राग जागच्या जागी विझला. नोकरी गेली, पैसे गेले, ते मी सोसलं होतं. लोकांना सांगताना मान ताठ ठेवून सांगत होते, आमच्या यांनी खोटं चालवून घेतलं नाही म्हणून. त्या बोलण्यावरच मी उभी होते. आणि इकडे या खुर्चीत बसल्या बसल्या यांचं आतून काय काय झिजून गेलं, ते मला कळलंही नव्हतं.

मी मावशींची पिशवी पिपात रिकामी केली आणि पीप दाराकडे ओढायला लागले. एका खांद्याने ते हलेना. शेवटी हे खुर्चीतून उठले आणि यांनी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी मिळून सगळं पीठ कचऱ्याच्या गोणीत ओतलं आणि गोणीचं तोंड शिवून टाकलं.

तेवढ्यात मावशी जिन्यावरून उतरल्या. "झाली का गं माजी नाचणी?"

मी यांच्याकडे बघितलं. ते हातातला सुतळीचा तुकडा गुंडाळत होते. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, जाळीची तार तुटली. तुकडा पिठात गेला. सगळं टाकून दिलं. तुमच्या वेळेला देता येत नाही हो, माफ करा."

मावशींनी गोणीकडे बघितलं, रिकाम्या पिपाकडे बघितलं. मग माझ्या बाजूने पुढे होऊन त्या यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मंग त्यात काय झालं? खीर तांदलाची करू. पन तू सांगितलंस ते लय बरं केलंस रं बाबा. दुसरा कोन असता तर गप बसला असता. असा मानूस मिलत नाय आता."

खरं काय ते मी सांगितलं नाही. त्यांनीही नाही. मावशी वर गेल्यावर ते मागच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. संध्याकाळी चहाला हाक मारली तर आले नाहीत.

उष्टावण छान झालं. मावशींनी आलेल्या प्रत्येकाला यांची गोष्ट सांगितली. हे मांडवाच्या कडेला उभे होते, मान खाली घालून. लोकांना वाटलं, किती साधा माणूस.

नवी जाळी त्यांनी स्वतः जाऊन आणली, बसवली. यंत्र पुन्हा सुरू झालं, डबे पुन्हा थरथरतात, मुली येऊन पिशव्या नेतात. रीत तीच आहे. ते जाळी धुतात, पुसतात आणि माझ्या हातात देतात. मी खिडकीशी जाते. आता "हो साहेब" म्हणत नाही. जाळी उजेडाकडे धरते आणि कडेपासून कडेपर्यंत तार न् तार बघते, उलटी करून पुन्हा बघते. तोवर ते मागे उभे असतात. मी आता खरंच बघते, हे त्यांना कळतं.