छत्रीवाल्या बाई

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत मुंबईत झालेली एकही सभा माझ्या बायकोच्या मामांनी सांगितली तशी झालेली नाही. हे मी जबाबदारीने लिहितो, कारण त्यांतल्या बहुतेक सभांना मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो होतो. शिवाजी पार्कवर चार वक्ते बोलले, तर मामांबरोबर सात घरी येत. एखाद्या वक्त्याला ठसका लागला, तर मामांच्या सांगण्यात त्याला हुंदका आवरत नसे. गर्दीचं तर बोलायलाच नको. मी हिशेबखात्यातला माणूस; मैदान केवढं, एका माणसाला बसायला जागा किती लागते, याचा मनाशी भागाकार करायचा आणि येईल तो आकडा थोडा कमीच धरायचा, ही माझी सवय. परतताना जिन्यात मी तो आकडा मामांना सांगे. मामा मान डोलवत, आणि खोलीचा उंबरठा ओलांडता ओलांडता त्याच्यावर एक शून्य चढवत.

गंमत अशी की, हा माणूस जन्मभर मुका म्हणून प्रसिद्ध होता. लालबागला एका गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून, आणि तिथेच जवळ चाळीत बिऱ्हाड. आमच्या लग्नात हिने ओळख करून दिली तीच मुळी, "हे माझे मामा. बोलत नाहीत, पण चांगले आहेत," अशी. लग्नानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा "बसा", "वाढ" आणि "या" एवढेच शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले. वापरल्याने शब्द झिजतात अशी त्यांची समजूत असावी. जेवताना ते नुसतं बोट दाखवत, आणि बोटाच्या रोखावरून आमटी हवी की ताक, हे मामी ओळखत. मामी मालवणकडच्या, जिभेच्या भारी मोकळ्या. ऐकायला माणूस नाही म्हणून त्या स्टोव्हशी बोलत, गॅलरीतल्या कावळ्याशी बोलत. मूलबाळ नव्हतं. "आमच्यात भांडण म्हणून नाही हो, जावईबापू," त्या मला म्हणाल्या होत्या. "होणार कसं? मी बोलते नि हे जेवतात."

मग एका सकाळी नळावरून पाणी आणताना मामी जिन्यात पडल्या आणि त्यांचं डावं अंग गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. इस्पितळातून त्यांना चौघांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता पुन्हा हा जिना नको. खोली मागच्या अंगाची. खाटेवरून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा पाण्याचा पाइप. पलीकडच्या रस्त्याने मोर्चे जात, घोषणा थेट उशीपर्यंत येत, आणि दिसत काहीच नसे. एका संध्याकाळी आम्ही सभेहून परतलो तर मामी रडकुंडीला आल्या होत्या. "अहो, कुणीतरी सांगा मेल्यांनो! काय चाललंय तिथे?"

मी आकड्यांसकट सांगणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "गर्दी होती."

"मग?"

"भाषणं झाली."

"मग?"

त्या "मग?"ने मामींनी नवऱ्याला बोलतं केलं. विहिरीतून पोहरा ओढावा तसा एकेक शब्द ओढून काढला. दोनतीन महिन्यांत मामांची मजल पालथ्या पाटावर उभं राहून, हातात आमटीचा डाव घेऊन भाषण ठोकण्यापर्यंत गेली. स्वयंपाक आता तेच करत, आणि टाळीच्या वाक्याला आमटी हमखास करपे. शेजारपाजारचे दारात जमत. पलीकडच्या खोलीतला फिटर एकदा म्हणाला, "मामा, उगाच दादरला तंगडतोड कशाला करायची? हीच सभा मोठी हाय."

पण मामींचा खरा प्रश्न वेगळाच असे. "बायका होत्या का हो?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मामांची पंचाईत झाली. परस्त्रीकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. ते इकडेतिकडे बघू लागले. दारामागच्या खिळ्याला मामींची लाकडी मुठीची काळी छत्री टांगलेली होती. मामी पडल्यापासून ती कुणी काढलीच नव्हती. मामांची नजर तिच्यावर थांबली. "होती की," ते म्हणाले. "एक बाई होती. पहिल्याच रांगेत. हातात छत्री."

"लुगडं?"

"हिरवं. वक्ता बोलत होता, तर मध्येच उठली नि छत्री रोखून म्हणाली, मोठ्यानं बोला, मागे आमच्या सासूबाई बसल्यात!"

मामी हसल्या. आजारानंतर पहिल्यांदा हसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, लाळ उशीवर ओघळली. मामांनी पंच्याने ती पुसली आणि पुसता पुसता स्वतःही हसायला लागले. त्यांना हसताना मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून छत्रीवाल्या बाई एकही सभा चुकवीनाशा झाल्या. त्यांनी शेंगदाणेवाल्याला मापावरून झापलं, एका पुढाऱ्याला "मुद्द्यावर या" म्हणून सुनावलं, छत्रीच्या मुठीने एका शिपायाचा पट्टा ओढला. शहरात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, चाळीतसुद्धा माणसं हळू आवाजात बोलू लागली. तेव्हा मात्र मामांना काही रचून सांगवेना. ते नुसते गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मामींनी विचारलं, "ती कुठेय आज?"

"नाक्यावर उभी आहे," मामा म्हणाले. "शिपाई म्हणतो, घरी जा. ती म्हणते, घरीच चाललेय, पण माझ्या चालीनं."

मामींनी डोळे मिटले. "चालू दे तिला सावकाश," त्या म्हणाल्या.

आता माझा स्वभाव आडवा आला. मला चूक आकडा सोसत नाही, तशी नसलेली बाईही सोसेना. परळच्या कामगार मैदानावर मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो, बायकांची बाजू नीट पाहिली, आणि घरी आल्यावर सर्वांसमक्ष म्हणालो, "मामा, मी पुढेच होतो. मला नाही दिसल्या त्या बाई."

मामांचा डाव हवेतच राहिला. चेहरा असा झाला की आता हा माणूस पुन्हा "वाढ" आणि "बसा"वर जाणार, असं मला वाटलं. पण मामी कडाडल्या, "बायकांकडे बघायची सवय नाही हो तुम्हाला! भाची माझी नशिबाची आहे. आधी चष्म्याचा नंबर तपासा!" दारातले सगळे हसले. मामा चहा करायला वळले, तेव्हा मामींनी मला उजव्या हाताने जवळ बोलावलं.

"छत्री माझीच आहे, हे काय मला कळत नाही?" त्या हळूच म्हणाल्या. "उभा जन्म हा माणूस मुक्याने जेवला. आता रोज माझ्यासाठी बाई घेऊन घरी येतो. येऊ द्या ना, जावईबापू. मी खाटेला खिळले नि माझा संसार सुरू झाला बघा."

त्यानंतर मी बाईंचा शोध थांबवला.

महाराष्ट्र व्हायच्या आधीच्या थंडीत मामी गेल्या. मामांनी पाट उभा करून भिंतीला लावला आणि ते पुन्हा गप्प झाले. कुणी भेटायला गेलं तर "बसा" म्हणत, आणि उठलं की "या". सभेला चला म्हटलं तर मान हलवत.

राज्य झालं त्या दिवशी लालबाग-परळ नुसतं न्हाऊन निघालं होतं. तोरणं, पताका, गुलाल, पेढे. मी आणि ही संध्याकाळी सगळं पाहून मामांकडे पेढे घेऊन गेलो. ते त्या रिकाम्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी विचारलं, "किती होती माणसं?"

मी मनाशी केलेला भागाकार आठवला, आणि त्याच्यावर एक शून्य चढवलं.

मामांनी मान डोलवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ती आली होती?"

ही माझ्याकडे बघू लागली. तिच्या देखत मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. "आली होती," मी म्हणालो. "पहिल्याच रांगेत. हिरवं लुगडं, हातात छत्री..."

मामांनी दारामागे पाहिलं. छत्री खिळ्यालाच होती.

"छत्री नसेल, जावईबापू," ते म्हणाले. "छत्री इथेच राहिली."

"बरोबर आहे. नव्हती छत्री," मी दुरुस्ती केली. "दोन्ही हात मोकळे होते त्यांचे. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या."

खाटेवर थोडे सरकून मामांनी मला बसायला जागा करून दिली.

"मग?" ते म्हणाले.